काढलेली प्रॉक्सी परत परत येते: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मुळापासून कसा काढायचा

लक्षण ठरलेलं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर कुणीतरी सांगतं, "आधी प्रॉक्सी सेट कर, त्याशिवाय काही डाउनलोड होणार नाही." प्रॉक्सी म्हणजे तुमच्या विनंत्या इंटरनेटकडे पोचवणारा मधला सर्व्हर. तुम्ही एक कमांड देता, ती प्रॉक्सीचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वाचतात अशा नाव-किमतीच्या नोंदीत ठेवते, आणि काम होतं. संध्याकाळी घरी तोच लॅपटॉप उघडता, तर पिप, एनपीएम, कर्ल ही डाउनलोड करणारी साधनं सगळी अडून बसलेली. ब्राउझर मात्र सुरळीत चालतो. मग तुम्ही शोधाशोध करून व्हेरिएबल रिकामा करता आणि डाउनलोड सुरू होतं. दुसऱ्या दिवशी नवी विंडो उघडली की पुन्हा तीच एरर.

नव्याने कामाला लागलेल्या मुलांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक उत्तरं "ही कमांड द्या" एवढ्यावर थांबतात. कमांड बरोबर असते, पण ती चुकीच्या जागी दिलेली असते.

कमांड टाइप करण्याआधी एक सूचना. खाली सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं (वेगळं सांगितलं नसेल तर लहान) आणि आकडे इंग्रजीत घ्या, चिन्हं जशीच्या तशी ठेवा. जिथे मोकळी जागा दिसत नाही तिथे ती सोडू नका. बराबरच्या (=) चिन्हाभोवती तर अजिबात नको.

व्हेरिएबल परत का येतो

कोणताही प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला जन्म देणाऱ्या प्रोग्रॅमकडून सगळ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची एक प्रत मिळते. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीपासून ही रीत चालत आली आहे, आणि विंडोजही त्याच पद्धतीने चालतं. ही खरोखर झेरॉक्स प्रत असते. तुम्ही तिच्यात खाडाखोड केली, ती फाडली, तरी मूळ कागद कपाटात तसाच राहतो. विंडो बंद झाली की तुमची प्रत गेली, आणि पुढच्या विंडोला मूळ कागदाची नवी प्रत मिळते.

म्हणून कोणतीही कमांड देण्याआधी शोधायचं ते एवढंच: मूळ कागद कुठे आहे? एकदा जागा सापडली की काढणं एका ओळीचं काम आहे.

विंडोजवर जागा शोधणं

स्टार्ट मेन्यूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा. व्हीएस कोड या एडिटरमधलं टर्मिनल आत्ता वापरू नका, का ते पुढे सांगतो. आधी हे द्या:

`सेट एचटीटीपी`

सेटपुढे नावाची सुरुवात दिली की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे व्हेरिएबल दिसतात. त्यामुळे एचटीटीपी_प्रॉक्सी आणि एचटीटीपीएस_प्रॉक्सी दोन्ही एकदम कळतात. विंडोजमध्ये नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही. ऑल_प्रॉक्सी नावाचाही एक व्हेरिएबल असतो, तो `सेट ऑल` देऊन बघा. हे झालं विंडोकडच्या प्रतीचं. आता मूळ जागा दोन, दोन्ही रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात:

`रेग क्वेरी एचकेसीयू\एन्व्हायर्नमेंट`

`रेग क्वेरी "एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\सेशन मॅनेजर\एन्व्हायर्नमेंट"`

पहिली जागा तुमच्या युजर खात्याची, दुसरी अख्ख्या संगणकाची. दोन्हीकडे बघा, एक सापडला म्हणून थांबू नका. एकाच नावाचा व्हेरिएबल दोन्हीकडे असेल तर युजरचा वर राहतो आणि सिस्टमचा त्याच्यामागे झाकला जातो. तुम्ही युजरचा काढला की मागचा दिसायला लागतो, आणि तुम्हाला वाटतं की काढलेलाच परत आला. लॅबमधल्या सूचनापत्रात सेटएक्स (व्हेरिएबल कायमचा लिहिणारी कमांड) हिच्यापुढे `/एम` लावलेलं असेल तर व्हेरिएबल सिस्टमच्या जागी बसलेला असतो, आणि साध्या विंडोतून केलेले काढण्याचे प्रयत्न त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

काढताना:

`रेग डिलीट एचकेसीयू\एन्व्हायर्नमेंट /व्ही एचटीटीपी_प्रॉक्सी /एफ`

एचटीटीपीएस_प्रॉक्सीसाठी तीच ओळ पुन्हा. सिस्टमच्या जागेसाठी अवतरणचिन्हांतला लांब पत्ता द्या आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर परवानगी नाकारली जाते.

इथे लोक हमखास `सेटएक्स एचटीटीपी_प्रॉक्सी ""` देतात. विंडोज "यशस्वी" असा संदेश दाखवतं, पण व्हेरिएबल रजिस्ट्रीतून जात नाही. फक्त किंमत रिकामी होते, नाव तिथेच राहतं. सेटएक्स ही लिहिण्याची कमांड आहे, तिच्यात काढण्याची सोयच नाही.

रेग डिलीटनंतर आणखी एक टप्पा आहे, आणि तो सांगितलेला क्वचितच दिसतो. रजिस्ट्री थेट बदलली की चालू असलेल्या एक्सप्लोररला (डेस्कटॉप आणि स्टार्ट मेन्यू सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) त्याची खबर जात नाही. स्टार्ट मेन्यूतून उघडलेल्या विंडोंना जन्म देणारा एक्सप्लोररच असल्यामुळे नवी विंडोही जुनीच प्रत घेऊन येते. एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. तेवढंही नको असेल तर विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये रेग डिलीटऐवजी ही ओळ द्या. ती व्हेरिएबल काढते आणि बाकीच्यांना कळवतेसुद्धा:

`[एन्व्हायर्नमेंट]::सेटएन्व्हायर्नमेंटव्हेरिएबल("एचटीटीपी_प्रॉक्सी", $नल, "युजर")`

ही ओळ कधीकधी काही सेकंद रेंगाळते. उघड्या असलेल्या सगळ्या विंडोंना ती निरोप देत असते, मध्येच तोडू नका.

दोन्ही जागा रिकाम्या, तरी विंडोत दिसतो

म्हणजे मधल्या कुणीतरी तो भरलेला आहे. मधले संशयित नेहमीचेच असतात.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो व्हीएस कोड. तो सकाळपासून उघडा असेल तर त्याच्याकडे सकाळची प्रत आहे, आणि त्याच्या आत कितीही नवी टर्मिनल उघडलीत तरी ती त्याच प्रतीवरून निघतात. टर्मिनल बंद करून काही होत नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या विंडो बंद करून तो नव्याने सुरू करावा लागतो. तरीही दिसत असेल तर सेटिंगच्या फाइलमध्ये टर्मिनलसाठी वेगळे व्हेरिएबल दिलेत का ते बघा. ती सोय त्यात आहे.

पॉवरशेलमध्येच दिसत असेल तर `पॉवरशेल -नोप्रोफाइल` देऊन उघडा. आता नाहीसा झाला तर तो तुमच्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहिलेला आहे. `$प्रोफाइल` टाइप केलं की त्या फाइलचा पत्ता मिळतो. कमांड प्रॉम्प्टसाठी हीच चाचणी `सीएमडी /डी` ने होते. ते ऑटोरन नावाची रजिस्ट्रीतली नोंद वगळतं. प्रत्येक विंडो उघडताना चालणारी कमांड तिथे लपवता येते, आणि एकदा कुणी लिहून ठेवली की ती सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या लॅपटॉपवर व्हेरिएबल काढल्यानंतर काही वेळ सगळं ठीक असतं, आणि तास-दोन तासांनी किंवा पुढच्या लॉगइनला तो परत येतो. ही ग्रुप पॉलिसीची, म्हणजे आयटी विभागाने सगळ्या संगणकांवर लावलेल्या धोरणाची खूण समजा. नेहमीच्या मांडणीत धोरण दर ९० मिनिटांनी, अधिक अर्ध्या तासापर्यंतच्या कमीजास्त उशिराने, पुन्हा लागू होतं. `जीपीरिझल्ट /आर` मध्ये कोणती धोरणं लागू आहेत ते दिसतं. इथे रजिस्ट्रीशी झगडण्यात अर्थ नाही. आयटी विभागाला कळवा, आणि तोपर्यंत आपल्या विंडोपुरता `सेट एचटीटीपी_प्रॉक्सी=` देऊन काम भागवा. बराबरच्या चिन्हापुढे काही लिहिलं नाही की त्या विंडोतून व्हेरिएबल जातो.

पॉवरशेलमध्ये सेट चालत नाही

पॉवरशेलमध्ये `सेट एचटीटीपी_प्रॉक्सी=` दिलं तर एरर येत नाही. म्हणूनच गफलत होते. तिथे सेट हे सेट-व्हेरिएबलचं टोपणनाव आहे. ते पॉवरशेलचा स्वतःचा, बराबरच्या चिन्हासकट सेटपुढचा अख्खा मजकूर हेच नाव असलेला एक व्हेरिएबल तयार करतं आणि गप्प राहतं. एन्व्हायर्नमेंटला धक्काही लागत नाही. पॉवरशेलमध्ये बघायचं, भरायचं आणि काढायचं ते असं:

`$एन्व्ह:एचटीटीपी_प्रॉक्सी`

`$एन्व्ह:एचटीटीपी_प्रॉक्सी = "एचटीटीपी://१०.०.०.५:३१२८"`

`रिमूव्ह-आयटम एन्व्ह:एचटीटीपी_प्रॉक्सी`

इथे बराबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा चालते, कमांड प्रॉम्प्टमध्ये चालत नाही. तिथे जागा सोडली तर ती नावाचाच भाग होते, आणि शेवटी जागा असलेला एक वेगळाच व्हेरिएबल तयार होतो. `सेट` देऊन यादी बघितली तरी तो फरक पटकन डोळ्यांत भरत नाही. ओळीच्या शेवटी `&&` लावून पुढची कमांड जोडताना त्याआधीची जागाही किमतीत शिरते. त्यामुळे कमांड प्रॉम्प्टमध्ये पूर्ण जोडी अवतरणात ठेवायची सवय लावून घ्या: `सेट "एचटीटीपी_प्रॉक्सी=एचटीटीपी://१०.०.०.५:३१२८"`. अवतरणचिन्ह नावाच्या आधी सुरू होतं, किमतीच्या आधी नाही, हे नीट बघा.

व्हेरिएबल गेला, पण एरर तीच

इथे आपण व्हेरिएबलच्या हद्दीबाहेर जातो, पण प्रश्न विचारणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला डाउनलोड हवं असतं. बऱ्याच साधनांना स्वतःची वही, म्हणजे सेटिंगची फाइल असते आणि प्रॉक्सी तिथेही लिहिलेली असते.

गिटसाठी `गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल एचटीटीपी.प्रॉक्सी` द्या. नोंद कोणत्या फाइलमध्ये आहे तेही कळतं. मग `गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट एचटीटीपी.प्रॉक्सी`. एनपीएमसाठी `एनपीएम कॉन्फिग लिस्ट` बघून `एनपीएम कॉन्फिग डिलीट प्रॉक्सी` आणि `एनपीएम कॉन्फिग डिलीट एचटीटीपीएस-प्रॉक्सी`. पिपसाठी `पिप कॉन्फिग लिस्ट`. डॉकरच्या तुमच्या होम फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रॉक्सीचा भाग असेल तर प्रत्येक नव्या कंटेनरमध्ये ते व्हेरिएबल घातले जातात, बाहेर काहीही नसलं तरी.

पायथनची एक खोड लक्षात ठेवा. विंडोजवर प्रॉक्सीचा व्हेरिएबल सापडला नाही तर ते विंडोजच्या इंटरनेट सेटिंगमधली प्रॉक्सी उचलतं. म्हणजे व्हेरिएबल काढल्यावरही पिप अडू शकतो. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या खाली प्रॉक्सीचं पान आहे, तिथला मॅन्युअल प्रॉक्सीचा खटका बंद करा. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर तेही याच सेटिंगवरून लिनक्सच्या आत प्रॉक्सीचे व्हेरिएबल तयार करू शकतं. म्हणजे लिनक्सची सगळी फाइल-फाइल धुंडाळून काही सापडत नाही, कारण मूळ विंडोजकडे असतं.

कोण खरं बोलतंय हे कळायला माझ्या मते सर्वांत चांगली चाचणी कर्लची आहे. `कर्ल -व्ही` पुढे एखाद्या साइटचा पत्ता द्या. प्रॉक्सी व्हेरिएबलवरून घेतली असेल तर सुरुवातीच्या ओळींतच त्या व्हेरिएबलचं नाव आणि किंमत छापली जाते. ती ओळ दिसली नाही आणि पान आलं, तर एन्व्हायर्नमेंट स्वच्छ आहे, दोष साधनाच्या वहीत शोधा. पॉवरशेल ५.१ मध्ये `कर्ल.ईएक्सई` असं पूर्ण नाव टाइप करा, कारण नुसतं कर्ल हे तिथे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे.

लिनक्स आणि मॅकवर

तत्त्व तेच, जागा मात्र जास्त. शिवाय इथे लहान आणि मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, त्यामुळे मोठ्या अक्षरांतला व्हेरिएबल काढला तरी लहान अक्षरांतला मागे राहतो. यात कर्लचा एक नियम आहे: साध्या एचटीटीपीसाठी ते फक्त लहान अक्षरांतलं नाव वाचतं. वेबसर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला बाहेरून आलेल्या विनंतीतल्या हेडरमधून मोठ्या अक्षरांतला तोच व्हेरिएबल भरता येतो, ही फट बंद ठेवण्यासाठी. २०१६ मध्ये याच फटीची मोठी चर्चा झाली होती.

`एन्व्ह | ग्रेप -आय प्रॉक्सी`

यात जे दिसेल ते `अनसेट` ने काढा, पुढे नुसतं नाव द्या, डॉलरचं चिन्ह लावू नका. डॉलर लावलं की शेल आधी किंमत भरतं आणि त्या किमतीच्या नावाचा व्हेरिएबल काढायला जातं. हे झालं त्या विंडोपुरतं. मूळ शोधायला:

`ग्रेप -एन -आय प्रॉक्सी ~/.बॅशआरसी ~/.प्रोफाइल ~/.झेडएसएचआरसी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट /ईटीसी/प्रोफाइल.डी/*`

नसलेल्या फाइलबद्दल तक्रार येईल, तिकडे लक्ष देऊ नका. सापडलेली ओळ एडिटरने काढून टाका. मॅकवर कॅटालिना, म्हणजे २०१९ च्या १०.१५ पासून, नव्या खात्यांना झेडशेल मिळतं. जुन्या लेखांत दिलेली बॅशची प्रोफाइल फाइल ते वाचतच नाही. तिथे बदल करून काही घडत नसेल तर कारण हेच.

फाइलींत काहीच सापडलं नाही तर दोन ठिकाणं बघा. जीनोम डेस्कटॉपवर नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी मॅन्युअल ठेवली असेल तर जीनोम टर्मिनल त्या सेटिंगवरून व्हेरिएबल स्वतः भरतं. आणि टीमक्स (टर्मिनलची सत्रं चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याचा सर्व्हर सुरू झाला त्या वेळची प्रत तो धरून बसतो, तुम्ही बाहेर काहीही बदललंत तरी. `टीमक्स सेट-एन्व्हायर्नमेंट -जीयू एचटीटीपी_प्रॉक्सी` ने ती नोंद जाते आणि पुढच्या विंडो स्वच्छ उघडतात. रिमोट सर्व्हरवर आठवडेच्या आठवडे टीमक्स चालू ठेवणाऱ्यांना हा अनुभव येतोच.

उलट बाजूची तक्रारही येते: व्हेरिएबल आहे, पण सुडो (ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) लावलं की प्रॉक्सी सापडत नाही. सुडो सुरक्षिततेसाठी एन्व्हायर्नमेंट झाडून घेतं. `सुडो -ई` ने (इथे ई मोठं अक्षर) ते सोबत नेण्याची विनंती करता येते, परवानगी असेल तर.

मग प्रॉक्सी लावायची कशी

ज्यांना रोज दोन नेटवर्कांमध्ये ये-जा करावी लागते त्यांनी प्रॉक्सीसाठी सेटएक्स वापरूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. सेटएक्स जावा_होमसारख्या न बदलणाऱ्या गोष्टींसाठी ठीक आहे. प्रॉक्सी ही जागेप्रमाणे बदलणारी गोष्ट आहे, तिची वस्ती विंडोपुरतीच असावी.

पाथला, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरमध्ये शोधायचे ते सांगणाऱ्या व्हेरिएबलला, मात्र सेटएक्सने हात लावू नका. `सेटएक्स पाथ "%पाथ%;..."` ही ओळ सर्रास फिरते. पण कमांड प्रॉम्प्टमधल्या पाथमध्ये सिस्टमचा आणि युजरचा असे दोन्ही भाग जोडून आलेले असतात. ही ओळ ते सगळं युजरच्या जागी लिहिते, आणि लांबी १०२४ अक्षरांपुढे गेली तर उरलेलं कापून टाकते. कापलेला भाग परत मिळत नाही. पाथसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची खिडकी वापरा.

कमांड प्रॉम्प्टसाठी दोन छोट्या बॅच फाइल करून ठेवा, एक चालू करणारी, एक बंद करणारी. बॅच फाइल त्याच विंडोत चालते, त्यामुळे बदल टिकतो. तिच्यात सेटलोकल ही ओळ मात्र नसावी, नाहीतर फाइल संपताच सगळं पूर्ववत होतं. पॉवरशेलमधून तीच बॅच चालवली तर उपयोग नाही, तिच्यासाठी वेगळा सीएमडी जन्माला येतो आणि लगेच संपतो. तिथे प्रोफाइलमध्ये दोन फंक्शन लिहा. लिनक्स आणि मॅकवरही फंक्शनच बरं. स्क्रिप्ट ठेवायची असेल तर ती `सोर्स` ने चालवा.

एकाच कमांडपुरती प्रॉक्सी हवी असेल तर बॅश आणि झेडशेलमध्ये कमांडच्या आधी नाव आणि किंमत लिहिली की पुरतं. कमांड संपली की मागे काही राहत नाही. उलट, एकाच कमांडपुरता व्हेरिएबल वगळायचा तर `एन्व्ह -यू एचटीटीपीएस_प्रॉक्सी` आणि पुढे ती कमांड.

चालू करणाऱ्या फाइलमध्ये नो_प्रॉक्सीही (कोणत्या पत्त्यांसाठी प्रॉक्सी नको त्याची यादी) भरा: `लोकलहोस्ट,१२७.०.०.१`. ते नसेल तर तुमच्याच मशीनवरच्या सर्व्हरला केलेली विनंतीही प्रॉक्सीकडे जाते, आणि तुम्ही आपल्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसता.

प्रॉक्सीला युजरनेम-पासवर्ड लागत असेल आणि पासवर्डमध्ये @ असेल तर पत्ता तिथेच तुटतो, म्हणून @ ऐवजी `%४०` लिहा. बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा द्यावं लागतं, `%%४०`. असा पासवर्ड सेटएक्सने कधीच ठेवू नका, तो रजिस्ट्रीत उघडा लिहिला जातो आणि तुमच्या खात्यात चालणारा कोणताही प्रोग्रॅम तो वाचू शकतो. आधी ठेवलेला असेल तर वर दिलेल्या पद्धतीने काढा, आणि पासवर्डही बदलून घ्या.